खाडीचा राखणदार आणि साठ दिवसांची नोटीस

न्यूयॉर्क शहराशेजारून अटलांटिक महासागराला मिळणारी हडसन नकाशात नदी म्हणून दाखवली जाते, परंतु मुखापासून आत ट्रॉय शहराच्या बंधाऱ्यापर्यंत, म्हणजे सुमारे २४५ किलोमीटर, तिच्यात दिवसातून दोनदा भरती चढते आणि दोनदा ओहोटी लागते. तिथल्या मूळ रहिवाशांनी तिला दिलेल्या नावाचा अर्थच ‘दोन्ही दिशांनी वाहणारी’ असा आहे. कोकणातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. तो तिला सरळ खाडी म्हणेल. या खाडीत दर वसंतात शॅड नावाचा मासा अंडी घालण्यासाठी समुद्रातून आत चढतो. तो आपल्याकडच्या भिंग-पाल्याच्या कुळातला, तसाच काटेरी आणि तसाच चविष्ट. १९६० च्या दशकात क्रोटन-हार्मन येथील रेल्वे यार्डातल्या एका नळावाटे तेल खाडीत सुटत असे. ते भरतीबरोबर वर आणि ओहोटीबरोबर खाली फिरे, किनारा काळा करी, आणि त्या पट्ट्यात पकडलेल्या शॅडला डिझेलची चव लागे. असा मासा बाजारात कोणी घेईना.

मार्च १९६६ मध्ये त्या परिसरातले मच्छीमार, सुतार आणि कारखान्यांतले कामगार क्रोटनव्हिल येथे माजी सैनिकांच्या सभागृहात जमले. त्यांच्यापैकी अनेक जण स्वतः युद्धावर जाऊन आलेले होते. सरकारी कार्यालयांचे उंबरठे झिजवूनही काही होत नाही हे कळून चुकल्यामुळे बोलणे लवकरच हातघाईवर आले. नळाच्या तोंडात गादी कोंबावी, तेलाला काडी लावावी, अशा सूचना सभेत मनापासून केल्या गेल्या. त्या सभेत रॉबर्ट बॉईल नावाचा एक गृहस्थ होता. तो एका क्रीडा साप्ताहिकाचा लेखक आणि गळाने मासे पकडण्याचा नाद असलेला माणूस. हडसनविषयी लिहिताना त्याच्या हाती १८८८ आणि १८९९ सालचे दोन विस्मृतीत गेलेले कायदे लागले होते. जलमार्गांत घाण टाकणे या कायद्यांनी गुन्हा ठरवले होते, आणि १८९९ च्या कायद्यात असेही म्हटले होते की ज्याच्या माहितीवरून गुन्हा सिद्ध होईल त्याला दंडाची निम्मी रक्कम बक्षीस म्हणून मिळेल. सभेचा नूर पालटला. ‘हडसन रिव्हर फिशरमेन्स असोसिएशन’ स्थापन झाली, आणि कबरी खोदण्याचा व्यवसाय करणारा रिची गॅरेट तिचा पहिला अध्यक्ष झाला.

ज्या रेल्वे कंपनीचा तो नळ होता ती पुढे विलीनीकरणातून पेन सेंट्रल झाली. तिला दंड झाला आणि संघटनेला दोन हजार डॉलरचे बक्षीस मिळाले. त्या पैशातून पुढच्या प्रदूषकाचा माग काढण्याचा खर्च भागू लागला. त्यानंतर हेस्टिंग्ज येथील ॲनाकोंडा या तारा व केबल बनवणाऱ्या कारखान्याला दोन लाख डॉलरचा दंड झाला, जो त्या काळात फार मोठा मानला गेला. खाडीवर होडीतून हिंडणारी, पाण्याचा रंग व वास ओळखणारी साधी माणसे आणि एक जुना कायदा यांची ही गाठ पडली, तिथून आज जगभर चालणाऱ्या ‘रिव्हरकीपर’ आणि ‘बेकीपर’ चळवळीचा उगम झाला. ‘कीपर’ हा शब्द इंग्लंडमधल्या खाजगी मासेमारीच्या ओढ्यांवर ठेवल्या जाणाऱ्या रखवालदारांवरून घेतलेला आहे. मराठीत त्याला ‘राखणदार’ म्हणणे मला योग्य वाटते, कारण कोकणात आणि गोव्यात राखणदार म्हणजे गावाची शीव सांभाळणारा, रात्री फेरी मारणारा आणि ज्याच्यापुढे गाऱ्हाणे घालता येते असा. नागरिकांच्या गस्तीत फेरी आणि गाऱ्हाणे ही दोन्ही कामे असतात, आणि दुसऱ्यावाचून पहिले निष्फळ ठरते, हे समजून घेणे या विषयात सर्वांत महत्त्वाचे आहे.

गस्तीची होडी म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे प्रदूषकाला रंगेहाथ पकडणारी होडी येते. प्रत्यक्षात स्वयंसेवकाला पकडण्याचा, आत शिरण्याचा किंवा काम थांबवण्याचा कोणताही अधिकार नसतो. तो पाहू शकतो, नोंदवू शकतो आणि सांगू शकतो. मग त्याच्या पाहण्याला किंमत कशाने येते? अमेरिकेत याचे उत्तर १९७२ च्या ‘क्लीन वॉटर ॲक्ट’च्या कलम ५०५ मध्ये आहे. जुन्या बक्षिसाच्या कायद्यात एक मोठी अडचण होती, ती म्हणजे खटला सरकारी वकिलानेच चालवायचा असे. त्याने मनावर घेतले नाही तर मच्छीमाराची माहिती त्याच्या वहीतच पडून राहणार. १९७२ च्या कायद्याने ही अडचण काढून टाकली आणि कोणत्याही बाधित नागरिकाला प्रदूषकाविरुद्ध, तसेच आपले कायदेशीर कर्तव्य न बजावणाऱ्या सरकारी यंत्रणेविरुद्धही, थेट संघीय न्यायालयात दावा लावण्याचा हक्क दिला.

या हक्काची रचना नीट पाहण्यासारखी आहे. नळावाटे पाण्यात काहीही सोडायचे असेल तर परवाना लागतो, आणि त्या परवान्यात कोणता पदार्थ किती प्रमाणात सोडता येईल याचे आकडे असतात. परवानाधारकाने आपल्या सांडपाण्याची तपासणी स्वतः करून ठरावीक मुदतीने अहवाल द्यायचा असतो, खोटा अहवाल देणे हा गुन्हा असतो, आणि हे अहवाल कोणालाही पाहायला खुले असतात. म्हणजे कारखान्याने मर्यादा ओलांडली की त्याचा कबुलीजबाब त्याच्याच सहीने सरकारी दप्तरात येऊन पडतो. नागरिकांच्या दाव्यांपैकी पुष्कळसे या अहवालांवरच उभे राहतात. उल्लंघन मुद्दाम केले की चुकून झाले, हे सिद्ध करावे लागत नाही. परवान्यातला आकडा आणि अहवालातला आकडा शेजारी शेजारी मांडणे पुरेसे असते. ज्याला होडी चालवता येत नाही असा निवृत्त कारकूनही या कामात तरबेज होऊ शकतो, आणि अनेक ठिकाणी तसे झालेही आहे.

दावा लावण्याआधी साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते. ती उल्लंघन करणाऱ्याला, संबंधित राज्याला आणि संघीय पर्यावरण संस्थेला अशी तिघांना जाते. या साठ दिवसांमागे विचार आहे. प्रदूषकाला चूक सुधारण्याची संधी मिळते आणि झोपलेल्या सरकारी यंत्रणेला जागे होण्याची मिळते. या मुदतीत सरकारने स्वतःच न्यायालयात कारवाई सुरू केली आणि ती नेटाने चालवली, तर नागरिकाला वेगळा दावा लावता येत नाही, मात्र सरकारच्या दाव्यात सामील होता येते. दंडाचा एक डॉलरही दावा करणाऱ्याच्या खिशात जात नाही, तो सरकारी तिजोरीत जमा होतो. आज तो प्रत्येक उल्लंघनामागे दर दिवशी साठ हजार डॉलरच्या वर जाऊ शकतो. नागरिक जिंकला तर वकिलाचा आणि तज्ज्ञांचा वाजवी खर्च न्यायालय प्रतिवादीकडून मिळवून देऊ शकते. ही तरतूद नसती तर गरीब मच्छीमार संघटनांना मोठ्या कंपनीपुढे उभे राहणे अशक्य झाले असते.

या हक्काला मर्यादाही आहेत, आणि त्या न्यायालयांनी घालून दिल्या आहेत. व्हर्जिनियात चेसापीक उपसागराच्या पाणलोटातल्या ग्वाल्टनी या मांसप्रक्रिया कारखान्याने अनेक वर्षे परवान्याचा भंग केला होता. नागरिक संघटनांनी जून १९८४ मध्ये दावा दाखल केला, पण अहवालांनुसार शेवटचे उल्लंघन मे महिन्यात झाले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ठरवले की पूर्णपणे भूतकाळात जमा झालेल्या उल्लंघनांसाठी नागरिक दावा लावू शकत नाही. उल्लंघन चालू आहे किंवा पुन्हा होण्याचा संभव आहे असे दाखवावे लागते. पुढे २००० साली लेडलॉ या कंपनीविरुद्धच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने नागरिकांच्या बाजूने एक मोलाची गोष्ट मान्य केली. नदीला झालेली हानी मोजून दाखवता आली नाही, तरी पारा मिसळलेल्या पाण्याच्या वाजवी भीतीने आपण तिथे पोहणे किंवा मासे पकडणे सोडून दिले, असे रहिवाशाने शपथेवर सांगितले तर दावा लावण्यासाठी तेवढी इजा पुरेशी ठरते. या निकालामुळे पाण्याशी रोजचा संबंध असलेल्या माणसाच्या साक्षीला कायद्यात वजन आले.

कागदावरच्या आकड्यांपलीकडे जाऊन पाण्यात उतरणाऱ्यांची गरज का असते, हे हवाई बेटांवरील माउईच्या प्रकरणातून स्पष्ट होते. लहैना येथील सांडपाणी केंद्र रोज ३० ते ५० लाख गॅलन प्रक्रिया केलेले पाणी जमिनीत खोल विहिरींमध्ये सोडत असे. विहिरी किनाऱ्यापासून सुमारे अर्ध्या मैलावर आत होत्या, समुद्रात एकही नळ उघडत नव्हता, आणि म्हणून परवान्याची गरज नाही असे प्रशासनाचे म्हणणे होते. किनाऱ्यालगतच्या प्रवाळांवर मात्र शेवाळ माजत होते. २०११ साली शास्त्रज्ञांनी त्या विहिरींत चमकणारा हिरवा रंग मिसळला आणि समुद्रतळातल्या झिरपणाऱ्या झऱ्यांचे पाणी तपासत राहिले. ८४ दिवसांनी तो रंग समुद्रात दिसला. स्थानिक संघटनांनी दावा लावला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि एप्रिल २०२० मध्ये न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले की जमिनीतून होणारा विसर्ग जर परिणामाने थेट समुद्रात सोडण्यासारखाच असेल तर परवाना घ्यावाच लागेल. ते ८४ दिवस मला या साऱ्या विषयाचे सार वाटतात, कारण पाणी आपला मार्ग लपवत नाही, फक्त कोणीतरी पुरेसा काळ पाहत राहावे लागते.

आता होडीकडे वळू. १९८३ मध्ये हडसनच्या मच्छीमारांनी जॉन क्रोनिन या पूर्वाश्रमीच्या मच्छीमाराला पूर्णवेळ राखणदार नेमले आणि त्याच्या गस्तीसाठी लाकडी होडी बांधून घेतली. गस्तीच्या सुरुवातीच्या काळातच त्याच्या लक्षात आले की एक्सॉन या तेल कंपनीची तेलवाहू जहाजे नदीत आत येऊन थांबतात, आपल्या टाक्या धुऊन ते खारे पाणी नदीत सोडतात, आणि त्याच टाक्यांत हडसनचे गोडे पाणी भरून कॅरिबियन समुद्रातल्या अरुबा बेटाकडे घेऊन जातात. सरकारी यंत्रणांना याचा पत्ताही नव्हता. त्याने जहाजांच्या वेळा टिपल्या, पाण्याचे नमुने घेतले आणि नोटीस दिली. कंपनीने समझोता केला आणि एकूण सुमारे २० लाख डॉलर भरले, ज्यातला काही भाग नदीच्या संरक्षणाच्या कामासाठी मिळाला. पुढे १९८७ मध्ये पेस विद्यापीठाच्या कायदा विभागात या कामासाठी एक विधी साहाय्य केंद्र सुरू झाले आणि विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली रिव्हरकीपरच्या वतीने प्रत्यक्ष न्यायालयात बाजू मांडू लागले. त्याच वर्षी लाँग आयलंड साउंडच्या किनारी पाण्यासाठी, आणि १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को उपसागरासाठी राखणदार संघटना उभ्या राहिल्या. १९९९ मध्ये त्या सर्वांची मिळून ‘वॉटरकीपर अलायन्स’ स्थापन झाली.

गस्तीवरचा स्वयंसेवक काय पाहतो हे बाहेरून कळत नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. गस्तीची वेळ घड्याळावरून नव्हे, भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून ठरते. पुरी ओहोटी लागली की एरवी पाण्याखाली असलेली नळांची तोंडे उघडी पडतात, आणि मुद्दाम घाण सोडणारा माणूसही बहुधा ओहोटीचीच वेळ साधतो, कारण ओढ लागलेले पाणी सगळे घेऊन जाते. थंडीत पाण्यावर एकाच ठिकाणी वाफ दिसली तर तिथे गरम पाणी सुटत असण्याची शक्यता असते. कोरड्या हवेत, पाऊस पडून कित्येक दिवस झालेले असताना पावसाच्या पाण्याचा नाला वाहत असेल, तर त्यात पावसाचे पाणी नसून दुसरेच काही आहे, हे उघड असते. नोंदवहीत दिवस, वेळ, अक्षांश-रेखांश, भरती-ओहोटीची स्थिती, वारा, मागचा पाऊस, रंग, वास आणि फेस लिहिला जातो. कोणाचा नळ, कोणाचा हेतू, याविषयी अंदाज लिहायचा नाही असे शिकवले जाते, कारण वकिलाच्या उलटतपासणीत एक चुकीचा अंदाज चाळीस बरोबर नोंदींवर पाणी फिरवतो.

नमुना घेण्याची रीतही अशीच काटेकोर असते. निर्जंतुक बाटलीचे झाकण त्याच क्षणी उघडायचे, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू द्यायचे नाही, बाटली विसळायची नाही, कारण तिच्यात क्लोरीन निष्प्रभ करणारी पूड आधीच घातलेली असू शकते. मग तोंड प्रवाह येतो त्या दिशेला करून बाटली हातभर पाण्याखाली भरायची आणि लगेच बर्फात ठेवायची. सहा तासांच्या आत ती प्रयोगशाळेत पोहोचली पाहिजे. सोबत शुद्ध पाण्याची एक बाटली नेऊन तशीच परत आणतात, म्हणजे हाताळणीत जंतू शिरले असतील तर ते उघडे पडतात. समुद्राच्या पाण्यात मैल्याची खूण म्हणून एंटेरोकोकस हे जिवाणू मोजतात. पाणी एका विशिष्ट पोषक भुकटीत मिसळून ९७ लहान-मोठ्या खळग्यांच्या पारदर्शक तबकात ओततात, तबक बंद करून ४१ अंश सेल्सिअसला चोवीस तास ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी अंधारात अतिनील दिव्याखाली धरतात. ज्या खळग्यांत जिवाणू असतील ते निळे चमकतात. चमकणारे खळगे मोजायचे आणि तक्त्यावरून प्रति शंभर मिलिलिटर संख्या काढायची. पोहण्यासाठी सुरक्षित पाण्याची अमेरिकेतली शिफारस सरासरी ३५ च्या आत राहण्याची आहे. आदल्या दिवशी ज्या पाण्यात मुले खेळताना दिसली, त्याच पाण्याचे तबक काठोकाठ निळे उजळलेले पाहणे हा अनुभव स्वयंसेवकाला कामाशी कायमचा बांधून टाकणारा असतो.

या सगळ्यातून काय साधले, याचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या सुइसून भागात दुसऱ्या महायुद्धापासूनची जुनी सरकारी जहाजे नांगरून ठेवली होती आणि त्यांच्यावरचा विषारी धातूंचा रंग पोपडे सुटून पाण्यात पडत होता. बेकीपर व इतर संघटनांनी खुद्द संघीय सरकारवर दावा लावला, २०१० मध्ये समझोता झाला, आणि पन्नासहून अधिक जहाजे २०१७ पर्यंत तिथून हलवली गेली. त्याच उपसागरात २०२२ च्या ऑगस्टमध्ये शेवाळाचा तांबूस थर पसरून मासे मोठ्या संख्येने मेले; सांडपाण्यातला नायट्रोजन त्याला खतासारखा पोसतो हे समोर आले, आणि २०२४ मध्ये तिथल्या जलमंडळाने सांडपाणी केंद्रांना दहा वर्षांत नायट्रोजन ४० टक्क्यांनी कमी करण्याचे बंधन घातले. उलट हडसनमधली शॅडची मासेमारी न्यूयॉर्क राज्याला २०१० मध्ये बंद करावी लागली. पाणी पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वच्छ झाले, पण अतिमासेमारी आणि अंडी घालण्याच्या जागांचा नाश यांमुळे तो मासा सावरला नाही. जनरल इलेक्ट्रिकच्या दोन कारखान्यांतून १९७७ पर्यंत सोडलेले पीसीबी हे रसायन नदीच्या गाळात बसले होते. ते उपसण्याचे काम २००९ मध्ये सुरू होऊन २०१५ पर्यंत चालले. गस्तीची होडी नवे विष थांबवू शकते, तळाशी बसलेले जुने विष तिच्या आवाक्याबाहेर असते.

कायदाही एका जागी उभा राहत नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की ‘किनाऱ्याच्या पाण्याचा दर्जा खालावता कामा नये’ अशी मोघम अट परवान्यात घालता येणार नाही. परवानाधारकाने नेमके काय करायचे ते सरकारने लिहून दिले पाहिजे. दावा सॅन फ्रान्सिस्को शहराने, आपल्या सांडपाण्याच्या परवान्याविरुद्ध, लावला होता. गस्त घालणाऱ्यांवर याचा सरळ परिणाम आहे. खाडीच्या मध्यावर घेतलेला नमुना न्यायालयात पूर्वीइतका उपयोगी पडणार नाही, नळाच्या तोंडाशी घेतलेला पडेल. हा निकाल मला चुकीच्या दिशेचा वाटतो, कारण समुद्राचे आरोग्य समुद्रातच मोजले पाहिजे.

आपल्याकडे या विषयाचा खरा धागा जुळतो तो या साठ दिवसांपाशीच. १९७४ च्या जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायद्याच्या कलम ४९ मध्ये १९८८ साली दुरुस्ती होऊन कोणत्याही व्यक्तीला, प्रदूषण नियंत्रण मंडळाला किमान साठ दिवसांची नोटीस दिल्यावर, न्यायालयात तक्रार करण्याचा हक्क मिळाला. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम १९ मध्येही साठ दिवसांच्या नोटिशीची तशीच तरतूद आहे. कलम ४९ मध्ये पुढे असेही म्हटले आहे की अशी तक्रार केलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास मंडळाने आपल्याकडचे संबंधित अहवाल तिला द्यावेत, सार्वजनिक हिताला बाधा येत असेल तेवढाच अपवाद. पुस्तकात इतका धारदार हक्क असताना तो इतका क्वचित का वापरला जातो, हा प्रश्न पडतो.

त्याची कारणे रचनेतच आहेत. अमेरिकेतला दावा दिवाणी स्वरूपाचा असतो, तर आपली तक्रार फौजदारी वळणाची, म्हणून पुरावा अधिक कडक लागतो. तिथे वकिलाचा खर्च परत मिळू शकतो, इथे तो तक्रारदाराच्या माथी राहतो. सर्वांत मोठी अडचण कलम २१ ची आहे. सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने, कारखानदाराला तिथल्या तिथे नोटीस देऊन, दोन भागांत वाटून आणि सीलबंद करून घेतलेला असेल तरच त्याचे विश्लेषण या कायद्याखालच्या कार्यवाहीत पुरावा म्हणून ग्राह्य धरले जाते. म्हणजे खाडीत रात्री दोन वाजता ओहोटीबरोबर पिवळे पाणी सुटले आणि कोळ्याने ते स्वतः बाटलीत भरून आणले, तर त्या बाटलीला कायद्याच्या दृष्टीने फारशी किंमत नाही; आणि सकाळी अकरा वाजता अधिकारी येईतो ते पाणी कधीच वाहून गेलेले असते. अलीकडच्या दुरुस्त्यांनी पर्यावरण संरक्षण कायद्यातील आणि, ज्या राज्यांना लागू झाली आहे तिथे, जल कायद्यातील बऱ्याच गुन्ह्यांची तुरुंगवासाची शिक्षा काढून त्याजागी दंड आणला आहे.

अशा स्थितीत गस्तीच्या नोंदवहीचे महत्त्व उलट वाढते. एकदा दिसलेले पाणी पुरावा ठरत नसेल, पण तीन महिन्यांच्या नोंदींतून ते कोणत्या तिथीला, कोणत्या ओहोटीला आणि रात्रीच्या कोणत्या प्रहरी सुटते याचा ठसा उमटला, तर पुढची वेळ आधी सांगून अधिकाऱ्याला लेखी पत्राने तिथे बोलावता येते. कोळीवाड्यांत हे ज्ञान आधीपासूनच आहे. उधाणाची भरती कधी, भांगाची कधी, निवट्या कोणत्या चिखलातून नाहीशा झाल्या आणि खेकडे कुठे मरून वर आले, हे तिथल्या बायाबापड्यांना तोंडपाठ असते. ते तारीख-वेळेसह कागदावर आलेले नसते इतकेच. किनारी सुरक्षेसाठी आपल्या राज्यात मच्छीमार आणि ग्रामस्थांची सागर रक्षक दले पोलिसांना मदत करतात. अनोळखी होडी दिसली तर कोणाला कळवायचे हे त्यांना शिकवलेले असते. अनोळखी रंगाचे पाणी दिसले तर कोणाला कळवायचे, हेही त्याच माणसांना शिकवणे अवघड नाही.

दुसरा मार्ग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा आहे, ज्याचे पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात बसते. २०१० च्या कायद्यानुसार हे न्यायाधिकरण पुराव्याच्या कायद्याच्या नियमांनी बांधलेले नाही, त्यामुळे छायाचित्रे, नोंदवह्या आणि खाजगी प्रयोगशाळेचे अहवाल तिथे विचारात घेतले जाऊ शकतात, आणि बहुधा संयुक्त समिती नेमून पाहणीचा आदेश दिला जातो. उरण-नवी मुंबई परिसरातल्या पारंपरिक मच्छीमारांनी भराव, कांदळवनांची तोड आणि भरतीच्या पाण्याची अडवणूक यांविरुद्ध याच खंडपीठाकडे दाद मागितली होती, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले, तरी खाडी बुजवणे म्हणजे तिथे मासे पकडणाऱ्याची उपजीविका हिरावणे आहे, हे एका न्यायपीठाने आकड्यांत मांडले. इथे मुदतीचे भान ठेवावे लागते. वादाचे कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांत, आणि भरपाई मागायची असेल तर पाच वर्षांत अर्ज करावा लागतो. वाजवी कारण दाखवले तर त्यावर फक्त साठ दिवसांची सवलत मिळू शकते. पहिल्यांदा कधी दिसले याची तारीख नोंदवहीत असणे म्हणूनच फार मोलाचे ठरते.

ज्याला हे काम आपल्या खाडीवर सुरू करायचे आहे त्याने होडीच्या आधी कागद गोळा करावेत, असे माझे मत आहे. कारखान्याला किंवा सांडपाणी केंद्राला प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेले संमतीपत्र मिळवावे. त्यात किती पाणी, कोणत्या दर्जाचे आणि कुठे सोडायचे हे लिहिलेले असते. दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाकडे द्यायचे पर्यावरण विवरणपत्र माहिती अधिकारातून मागावे. हे दोन कागद हातात आले की ओहोटीला उघडे पडलेले नळाचे तोंड संमतीपत्रात आहे की नाही, एवढे एकच पाहायचे राहते, आणि संमतीपत्रात नसलेला नळ सापडला तर बाटलीचीही गरज लागत नाही. त्याचे अक्षांश-रेखांशासह छायाचित्र पुष्कळ काही सांगते. नोटीस लिहिताना तीत विशेषणे नसावीत, दिनांक, स्थळ, संमतीपत्राचा क्रमांक आणि मोडलेली अट एवढेच असावे. ती नोंदणीकृत टपालाने पाठवावी किंवा मंडळाच्या कार्यालयात आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्यावा, कारण साठ दिवस मोजायला सुरुवात त्या शिक्क्यापासून होते.